बत्तीस पुरे की त्रेचाळीसच हवा?

मेघना : बत्तीस इंच? काका, लोक आता हॉलला पंचावन्न लावतात. आईला बत्तीस आणणं म्हणजे मोबाइल भिंतीला टांगल्यासारखं आहे.

भाऊकाका : हॉलला काय लावायचं ते लावू देत. आपण वहिनींच्या खोलीबद्दल बोलतोय. दहा बाय अकरा. एका भिंतीला कपाट, एकीला खिडकी, उरलेल्या भिंतीवर देव्हारा. त्रेचाळीस आणलास तर देव हलवावे लागतील.

मेघना : देव हलवता येतात. डोळे नवे आणता येत नाहीत.

हा वाद साताऱ्याचा. मेघना पुण्यात डोळे तपासण्याचं काम करते, ऑप्टोमेट्रिस्ट आहे. भाऊकाकांनी साताऱ्यात टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं. पिक्चर ट्यूब, मग एलसीडी, मग एलईडी असे सगळे जमाने त्यांच्या टेबलावर उघडे पडलेले आहेत. मेघनाची आई, म्हणजे काकांच्या वहिनी, दुपारी मालिका, संध्याकाळी बातम्या आणि भारताची मॅच असेल तेव्हा मॅच बघतात. मोतीबिंदू निघाला, पण डोळ्याचा मागचा पडदा वयानं थकलाय. चष्मा लावूनही नजर ६/१२. त्यांचा २९ इंची ट्यूबचा जुना टीव्ही अखेर बंद पडला आणि काका म्हणतात तो छोटा एचडी घ्यावा की नको, यावर घरात दोन तट पडले. मी दोघांच्याही ओळखीचा, त्यामुळे मला पंच नेमलं गेलं. पंचाचं कुणी ऐकत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मेघना : बत्तीसमध्ये मिळतं काय? बहुतेक सगळे एचडी रेडी. १३६६ गुणिले ७६८. धड ७२० नाही, धड १०८० नाही. हा आकडा आणला तरी कुठून?

भाऊकाका : कॉम्प्युटरवरून आला. तिथं १०२४ बाय ७६८ चे पडदे होते. ओळी ७६८च ठेवल्या आणि रुंदी १६:९ च्या हिशोबानं वाढवली. ७६८ ला १६ नं गुण, ९ नं भाग. १३६५ वर काहीतरी येतं, त्याचे १३६६ केले. आणि ‘एचडी रेडी’ हा शिक्का २००५ मध्ये युरोपातल्या उत्पादकांच्या संघटनेनं काढला. निदान ७२० ओळी असाव्यात आणि एचडी सिग्नल आत घेता यावा, ही त्याची मुख्य अट. आत घेतलेला सिग्नल जसाच्या तसा दाखवेन, असं वचन त्यात कुणी दिलेलं नाही.

मेघना : म्हणजे तुम्हीच माझी बाजू मांडताय. एचडी रेडीत साडेदहा लाख ठिपके. फुल एचडीत २० लाख ७३ हजार. फोर-केमध्ये जवळजवळ ८३ लाख.

भाऊकाका : मोजलेस ना? आता तुझ्या दवाखान्यातलं सांग. उशीपासून समोरच्या भिंतीपर्यंत सात फूट, मी टेप लावून बघितलंय. सात फुटांवरून त्यातला एकेक ठिपका सुटा दिसतो का?

इथं मेघनानं कॅल्क्युलेटर काढला, आणि मला ती आवडते ती यासाठीच की उत्तर आपल्या विरुद्ध जाणार हे दिसत असतानाही तिनं बटणं दाबली.

मेघना : चांगला, ६/६ चा डोळा एका अंशाच्या साठाव्या हिश्शाएवढा तपशील सुटा ओळखतो. सात फुटांवर तो होतो ०.६२ मिलिमीटर. बत्तीस इंची एचडी रेडीचा ठिपका ०.५२ चा.

भाऊकाका : म्हणजे नाही दिसत.

मेघना : नाही दिसत.

भाऊकाका : मग फुल एचडीचा ०.३७ चा आणि त्रेचाळीस इंची फोर-केचा पाव मिलिमीटरचा ठिपका कुणाला दाखवायचाय? वहिनींना? सहा-बाराला?

दुकानात गेलात की हा हिशोब तुमच्या मनात येऊच नये अशी सगळी मांडणी असते. आपण पडद्यापासून दोन-अडीच फुटांवर उभे असतो. पडद्यावर फोर-केमध्ये खास चित्रित केलेली फुलं, पोपट, मधाची धार असं काहीबाही फिरत असतं आणि रंग दुकानासाठीच्या भडक सेटिंगवर चढवून ठेवलेले असतात. त्या उजेडात घरचा टीव्ही फिका वाटणार नाही तर काय होणार? विक्रेत्याला सांगावं, ‘साधं मराठी बातम्यांचं चॅनेल लावा आणि मला सात फूट मागं जाऊ द्या.’ सात फूट मागं गेलं की बहुधा फ्रिजला पाठ टेकते. पण निदान डोळ्यांना खरा प्रश्न विचारला जातो.

मेघना मात्र ठिपक्यांवर हरून गप्प बसणाऱ्यांतली नव्हे.

मेघना : काका, ठिपका वेगळा आणि अक्षर वेगळं. तक्त्यावरचं ६/६ चं अक्षर त्या बारीक तपशिलाच्या पाचपट उंच असतं. सात फुटांवर साधारण ३ मिलिमीटर. आईला त्याच्या दुप्पट लागतं, ६ मिलिमीटर, तेव्हा कुठं ते जेमतेम ओळखू येतं. जेमतेम! आरामात वाचायचं तर आणखी दुप्पट धरा. आता बत्तीस इंची पडद्याची उंची ४० सेंटिमीटर. मॅचच्या पट्टीत बोलरच्या षटकांचा आणि विकेटचा आकडा असतो, तो उंचीच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा धरला तर ८ मिलिमीटर. त्रेचाळीसवर तोच पावणेअकरा. आई ‘बुमराहच्या किती झाल्या गं?’ असं विचारते ती ऐकू येत नाही म्हणून नव्हे.

भाऊकाका : मराठी अक्षराला तर याहून जास्त जागा लागते. वर मात्रा, खाली उकार.

मेघना : आणि अनुस्वार! बातम्यांच्या सरकत्या पट्टीत ‘उद्या बंद’ आहे की आणखी काही, ते एका टिंबावर असतं. ते टिंब पहिलं विरघळतं.

भाऊकाका : तो दोष पडद्याच्या आकाराचा नाही, चॅनेलचा आहे. त्यावर येतो मी.

मेघना : त्याआधी एक ऐका. जुना २९ इंची. तो नावाला २९, काच धरून. दिसायचं चित्र साधारण २७ इंचांचं आणि आकार ४:३. म्हणजे उंची १६ इंचांहून किंचित जास्त. नव्या बत्तीसची उंची १६ ला थोडी कमी. इतकी वर्षं आईनं बघितलेला चेहरा या नव्या टीव्हीवर मोठा होणार नाहीच, उलट केसभर लहानच होईल. नवा आणायचा आणि चित्र लहान करायचं!

भाऊकाका यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांनी उभ्या जन्मात शेकडो लोकांचे २९ इंची काढून बत्तीस लावून दिले असतील. इंच वाढले म्हणजे चित्र वाढलं, असं गिऱ्हाइकानं धरून चालावं आणि दुकानदारानं त्यात खोडा घालू नये, असाच तो व्यवहार होता. इंच कर्णाचे. पडदा रुंद झाला की कर्ण फुगतो, उंची जागच्या जागी राहते. माणसाचा चेहरा केवढा दिसणार हे बहुतेक वेळा उंचीवर ठरतं.

भाऊकाका : हा मुद्दा खरा. मान्य. आता माझा ऐक. वहिनींच्या टीव्हीत येतं काय? डिशचा साधा पॅक. म्हणजे ७२० बाय ५७६. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, तेव्हा ६२५ ओळींची पद्धत होती, त्यातल्या ५७६ चित्राच्या. १९८२ मध्ये रंग आला, मग केबल आली, डिश आली, सगळं डिजिटल झालं; पण साध्या चॅनेलच्या ओळी अजून त्याच ५७६. हे चित्र चार लाख ठिपक्यांचं. फोर-के पडद्यावर ते पसरायचं तर एका ठिपक्याचे वीस करावे लागतात. एक सिग्नलचा, एकोणीस टीव्हीनं आपल्या मनानं भरायचे. स्वस्तातल्या टीव्हीचं मन कसं असतं ते मी आतून बघितलंय. मालिकेतल्या सासूच्या चेहऱ्यावर मेण फासल्यासारखं दिसतं. बत्तीसवर अडीच ठिपक्यांचाच प्रश्न, त्यात चित्रही लहान. दोष झाकला जातो.

मेघना : मग एचडी पॅक घ्या. मराठीत मालिकांची मोठी चॅनेलं एचडीत आहेत की.

भाऊकाका : आहेत. पण एचडी चॅनेलचा दर वेगळा. टीव्ही एकदाच घ्यायचा असतो, रिचार्ज दर महिन्याला.

मेघना : आणि दर महिन्याला आईनं धुरकट बघायचं?

भाऊकाका : धुरकटाचं आणखी एक कारण सांगू? मी कितीतरी घरांत बघितलंय. टीव्ही एचडी, बॉक्सही एचडी, पॅकचे पैसे भरलेले, आणि दोघांच्या मधे लाल-पांढरी-पिवळी पिन. जुन्या टीव्हीची वायर होती, तीच लावली. त्या पिवळ्या पिनेतून एचडी जातच नाही. आलेलं चित्र आडवं ताणलेलं, माणसं बुटकी आणि गोल. लोक म्हणतात, नव्या टीव्हीत सगळे जाड दिसतात. तीन-चारशे रुपयांची एचडीएमआय केबल लावली की सगळे बारीक होतात.

या एका वायरीपायी किती टीव्ही बदनाम झाले असतील, कुणास ठाऊक. कोणता टीव्ही घ्यावा असं मला कुणी विचारलं तर मी हल्ली आधी विचारतो, ‘आत्ताच्या टीव्हीच्या मागं कोणत्या रंगाच्या पिना आहेत?’ समोरच्याला वाटतं, मी विषय टाळतोय.

मग पैशांवर आलं. एचडी रेडी बत्तीस साधारण १० ते १५ हजारांत, त्रेचाळीसचा फोर-के २० ते ३० हजारांत, असा दोघांचाही अंदाज होता. काकांनी सरकारची साक्ष काढली : १ जानेवारी २०१९ पासून बत्तीसपर्यंतच्या टीव्हीला १८ टक्के जीएसटी होता आणि त्याहून मोठ्याला २८. मेघनानं लगेच सांगितलं, की ते दिवस गेले. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्यालाही १८च. विजेचं फारसं कुणी ताणलं नाही. रोज पाच तास चालला तर महिन्याला सात-आठ युनिटांचा फरक पडेल, त्यासाठी भांडण नको, इतपत एकमत झालं.

दुरुस्तीवर मात्र काका रंगात आले.

भाऊकाका : एलईडी टीव्हीत सगळ्यात जास्त जाते ती मागची दिव्यांची पट्टी. आवाज येतो, चित्र नाही. खोलीत अंधार करायचा आणि पडद्यावर तिरकी बॅटरी मारायची. आत पुसट माणसं हलताना दिसली की समजायचं, पॅनेल ठणठणीत आहे, दिवे गेलेत. बत्तीसचं काम तालुक्याच्या गावातही स्वस्तात होतं. त्रेचाळीसचं पॅनेल काढताना दोन माणसं लागतात, आणि काढता काढता काचेला एक चीर गेली की संपलं. नव्या पॅनेलच्या पैशांत जवळपास नवा टीव्ही येतो.

मेघना : मोठा टीव्ही मोडेल म्हणून छोटा बघायचा, हा कुठला न्याय?

भाऊकाका : न्याय नाही, अनुभव. आणि नवा कुठलाही आणलास तरी पहिल्या दिवशी मागच्या दिव्याची पातळी शंभरावरून साठावर आण. पट्टी जास्त टिकते आणि रात्री वहिनींच्या डोळ्यांवर मारा होत नाही.

मेघना : हे मात्र मी पेशंटना सांगायला पाहिजे. पण छोट्या टीव्हीत कंपन्या आतलं सामानही तसंच घालतात. एक जीबी रॅम, वर्ष-दोन वर्षांत ॲप उघडायला चहा करून यावा लागतो.

भाऊकाका : वहिनी ॲप उघडतात का?

मेघना : नाही. सोर्सचं बटण चुकून दाबतात. ‘नो सिग्नल’ आलं की मला पुण्याला फोन. रिमोट डोळ्यांसमोर आणून मी फोनवरून सांगायचं : वरून तिसरं बटण, नाही ते नाही, त्याच्या खालचं.

भाऊकाका : म्हणून म्हणतो, टीव्हीचा रिमोट कपाटात टाकायचा. डिशचा रिमोट टीव्हीची पॉवर आणि आवाज शिकतो. बहुतेकांत ती सोय असते. एकच रिमोट हातात द्यायचा.

इथवर दोघंही आपापल्या जागी घट्ट होते. गाठ सुटली ती टेपमुळे. काका उठले, टेप पलंगावर टाकली आणि मधे बोट ठेवलं.

भाऊकाका : तुला चित्र मोठं पाहिजे की टीव्ही मोठा पाहिजे?

मेघना : चित्र.

भाऊकाका : मग टीव्ही पुढं आणू. भिंतीतून बाहेर ओढता येतो तो ब्रॅकेट असतो ना, घडीच्या हाताचा? बत्तीसचं वजन चार-पाच किलो, आरामात पेलतो. बघताना ओढला, झोपताना भिंतीला लावला. कपाटाचं दारही उघडतं. सात फुटांवरचं त्रेचाळीस म्हणजे बत्तीस किती फुटांवर?

मेघना : (कॅल्क्युलेटर) सव्वापाच.

भाऊकाका : म्हणजे पावणेदोन फूट पुढं. पावणेदोन फुटांचे तू दहा-पंधरा हजार मागत होतीस.

मेघना : थांबा. जवळ आणलात की अक्षर मोठं होईल, मान्य. पण मग तुमचा झाकलेला दोषही उघडा पडेल. साधा पॅक सव्वापाच फुटांवरच्या बत्तीसवर तितकाच धुरकट दिसणार जितका सात फुटांवरच्या त्रेचाळीसवर. मोठं दिसायचं असेल तर एचडी पॅक लागणारच, टीव्ही कुठलाही असो.

भाऊकाका : हं.

मेघना : आणि दुसरं. सव्वापाच फुटांवर तपशिलाची मर्यादा ०.४६ मिलिमीटरवर येते. एचडी रेडीचा ठिपका ०.५२. आता तो दिसायला लागला. म्हणजे बत्तीसच घ्यायचा तर फुल एचडी घ्यायला हवा. शोधावा लागेल, कमी कंपन्या काढतात, पण मिळतो.

भाऊकाका : कुणाला दिसायला लागला? वहिनींना सहा-बारात ०.९ च्या खालचं काही सुटं दिसत नाही. तुझाच हिशोब आहे. फुल एचडी तुला पाहिजे, सुट्टीत येऊन पलंगाच्या पायथ्याशी लोळत बघायला.

मेघना : मला आणि माझ्या अर्णवला. तो तर जमिनीवर तीन फुटांवर बसतो. त्याचे डोळे अजून ६/६ आहेत आणि मला ते तसेच ठेवायचेत.

यात मला पंच म्हणून सांगायचं होतं ते दोघांनी मिळून आधीच सांगून टाकलं. खोक्यावर ‘३२ इंच एचडी’ असं एका दमात छापतात, त्यामुळे ती एकच खरेदी वाटते. आकार लागतो कमजोर नजरेला. एचडी लागतं चांगल्या नजरेला, तेही जवळ बसणाऱ्या, आणि आत येणारा सिग्नल तसा असेल तरच. साताऱ्याच्या या खोलीत पहिली गरज वहिनींची आणि दुसरी नातवाची. टीव्ही पुढं ओढायची सोय नसती, किंवा भिंत ब्रॅकेटचे स्क्रू न धरणारी भुसभुशीत असती, तर मी डोळे मिटून मेघनाच्या त्रेचाळीसला मत दिलं असतं आणि देव्हारा हलवायला हातही लावला असता. सात-आठ फुटांवरच्या भिंतीला चिकटलेला बत्तीस, त्यात साधा पॅक आणि वर ‘एचडी’ म्हणून दिलेले जादा पैसे, हा मात्र सगळ्यात वाईट सौदा, आणि घरोघरी होतो तो हाच. पुढं ओढलेला फुल एचडी बत्तीस मला पटला. आवाजाचं कुणी बोललंच नाही, ते मीच काढलं : चपट्या टीव्हीचे स्पीकर खाली तोंड करून बसवलेले असतात, वहिनींना संवाद नीट ऐकू यायचे तर छोटा साउंडबार लागेल. दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू खर्च मीच वाढवला.

वहिनी तेवढ्यात चहा घेऊन आल्या. काय ठरलं, असं विचारलं. भाऊजींनी सांगितलं, बत्तीस. मुलीनं सांगितलं, फुल एचडी आणि एचडी पॅक.

‘मॅचचं चॅनेल आहे ना त्या पॅकात?’ त्यांनी विचारलं.

मेघना : आहे आई. काका, पण एक अट. दुकानात फुल एचडी बत्तीस नसेल आणि त्यानं एचडी रेडी गळ्यात मारायला सुरुवात केली, तर मी तिथल्या तिथं त्रेचाळीस उचलणार.

भाऊकाका : उचल. ब्रॅकेट मग भिंतीला चपटा घ्यावा लागेल, आणि रिचार्ज तू भरायचा.

मेघना : भरते. वर्षाचा एकदम भरते. देव्हारा तुम्ही हलवायचा.